पहिल्यांदा कुत्रा पाळताय? मग रेबीजच्या लशीबद्दल हे वाचा

मागच्या पावसाळ्यात इंदूरमधल्या आमच्या राजेंद्र नगरच्या गल्लीत एकदम तीन घरांत पिल्लं आली. एक लॅब्रडॉर, एक पॉमेरियन आणि एक किराणा दुकानाच्या ओट्याखालून उचललेलं देशी. तिन्ही घरांत कुत्रा पहिल्यांदाच आलेला. महिनाभरात तिन्ही घरांतून मला एकच प्रश्न आला, "मावशी, ते रेबीजचं इंजेक्शन द्यावंच लागतं का हो?"

विचारणारी माणसं बेफिकीर नव्हती. पिल्लू रात्री कुंई करून रडलं तर त्याच्याशेजारी जमिनीवर झोपणारी होती. लस टाळावीशी वाटते ती बहुतेक वेळा मायेपोटीच. एवढंसं पिल्लू, त्याला दुखेल, ताप येईल, काही झालं तर? ही भीती खोटी नाही. ती मनात ठेवून तारीख पुढे ढकलू नका, डॉक्टरांसमोर बोलून दाखवा. इंदुरात नव्याने कुत्रा पाळणाऱ्यांसाठी, मला माहीत आहे तेवढं क्रमाने सांगते.

आमचा कुत्रा गुंड्या नऊ वर्षांचा आहे. त्याच्या लशीच्या कार्डावर एका वर्षीची तारीख एकोणीस दिवस उशिराची आहे. त्याची गोष्टही पुढे येईल.

आधी हा आजार काय आहे ते

रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत शिरतो आणि नसांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे जातो. या प्रवासाला काही आठवडे लागतात, कधी काही महिनेही. तो मेंदूत पोचून लक्षणं दिसायला लागली की माणूस असो वा कुत्रा, वाचवण्यासारखं जवळजवळ काहीच हातात राहत नाही. इतर आजारांत "बघू, वाढलं तर औषध करू" चालतं. इथे चालत नाही. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं यात जातात, त्यातली एक तृतीयांशाहून जास्त आपल्या देशात, आणि माणसाला होणारा रेबीज १०० पैकी ९९ वेळा कुत्र्याकडून आलेला असतो.

पिसाळलेला कुत्रा म्हटलं की तोंडाला फेस, लाल डोळे, दिसेल त्याला चावत सुटलेला असं चित्र डोळ्यांपुढे येतं. तसा प्रकार असतोच. पण दुसरा एक मुका प्रकार आहे, त्याची जास्त भीती बाळगा. कुत्रा कोपऱ्यात जाऊन बसतो, आवाज बदलतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, घास गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलं, आणि ते तोंडात हात घालतात. असं कधी दिसलं तर हात घालू नका, कुत्र्याला एका खोलीत बंद करा आणि डॉक्टरांना फोन करा. पाण्याला घाबरणं हे माणसातलं लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा पाण्यात उतरतानाही दिसू शकतो, तेव्हा "पाणी प्यायला ना, मग काही नाही" ही परीक्षा सोडून द्या.

कायदा काय म्हणतो

थोडक्यात सांगते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा आहे. त्याखाली २०२३ मध्ये प्राणी जन्म नियंत्रणाचे नवे नियम आले. त्यांत पाळीव जनावराचं लसीकरण, जंताचं औषध आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी म्हणून लिहिली आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नगर निगममध्ये कुत्र्याची नोंदणी करावी लागते आणि तिथे रेबीजच्या लशीचा दाखला मागतात.

कायद्याच्या भीतीने लस द्या असं मी म्हणणार नाही. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी "कुत्रा काढा" म्हणून उठलं, तर तुमच्या हातात चालू तारखेचं कार्ड असण्याला फार किंमत असते. मी ते दोनदा टेबलावर ठेवलेलं आहे.

पहिली लस केव्हा

पिल्लू तीन महिन्यांचं झालं की. आईच्या दुधातून मिळालेली रोगाशी लढायची ताकद त्या सुमारास ओसरत आलेली असते, त्याआधी दिलेली लस नीट लागू पडेलच असं नाही. बरेच डॉक्टर तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस देतात आणि मग दरवर्षी एक. पहिल्या लशीनंतर अंगात पुरती ताकद यायला तीन-चार आठवडे जातात. त्या काळात पिल्लाला गल्लीतल्या कुत्र्यांत सोडू नका. मोठा कुत्रा घरी आणला असेल आणि जुनं कार्ड नसेल, तर मागचं काही झालंच नाही असं धरून पहिल्यापासून सुरुवात करायची.

इथे एक घोटाळा हमखास होतो. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला डॉक्टर "सेव्हन-इन-वन" किंवा "नाइन-इन-वन" देतात. नाव ऐकून वाटतं, सगळं आलं त्यात. ती लस डिस्टेंपर, पार्व्हो वगैरे आजारांची असते. रेबीज त्यात सहसा नसतो, त्याची सुई वेगळी. आमच्या गल्लीतल्या लॅब्रडॉरच्या घरी हेच झालं होतं. विकणाऱ्याने "सगळे टीके लागलेत भिया" सांगून कार्ड दिलं. कार्ड उघडून पाहिलं तर रेबीजचा रकाना कोरा. तुमचं कार्ड आत्ता उघडा आणि तो शब्द शोधा.

कुठे जायचं

घराजवळचा चांगला डॉक्टर सगळ्यात सोयीचा, कारण तोच कुत्रा त्याच डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाहिलेला असला की अर्धी काळजी मिटते. सरकारी पशु चिकित्सालयातही लस मिळते. कुत्रा म्हातारा असेल, काही जुनं दुखणं असेल, तर महूचं व्हेटरनरी कॉलेज आहे. १९५५ पासून तिथे जनावरांचे डॉक्टर तयार होतायत, आणि गुंतागुंतीच्या वेळी तिथलं मत घेणं मला धीराचं वाटतं. कुत्रा हलवता येत नसेल तर १९६२ वर फोन करून सरकारी पशु रुग्णवाहिकेची चौकशी करा. २८ सप्टेंबरला, लुई पाश्चरच्या पुण्यतिथीला, जागतिक रेबीज दिन असतो. त्या सुमाराला बऱ्याच ठिकाणी मोफत शिबिरं लागतात.

खर्चाचं म्हणाल तर दोघांनी सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत एक फेरी मारली तर जेवढे जातात, साधारण तेवढ्यात वर्षाचं काम होतं.

एक मात्र करू नका. मेडिकलमधून बाटली आणून, खिशात घालून, ओळखीच्या कंपाउंडरकडून घरी टोचून घेणं. ही लस २ ते ८ अंशांत राहावी लागते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा बेचाळिशीला टेकतो, तेव्हा स्कूटरच्या डिकीत अर्धा तास ठेवलेल्या लशीत किती जीव उरला हे कुणी सांगू शकत नाही. आणि कार्डावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि सही नसेल, तर नगर निगमच्या दृष्टीने लस झालेलीच नाही.

लशीचा दिवस

सकाळची वेळ घ्या. काही उलटसुलट वाटलंच तर संध्याकाळपर्यंत दवाखाना उघडा असतो. आदल्या आठवड्यात जंताचं औषध झालेलं बरं. त्या दिवशी कुत्रा नेहमीसारखा खातो-पितो आहे ना, जुलाब-उलटी नाही ना, अंग गरम नाही ना, हे पाहा. ताप असेल तर डॉक्टर स्वतःच चार दिवस थांबायला सांगतात. पट्टा आणि साखळी घट्ट तपासून घ्या, कारण दवाखान्याच्या दारात दुसरी कुत्री असतात आणि घरी गरीब असणारा कुत्राही तिथे बिथरतो. मुसकं बांधायला सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका.

आत गेल्यावर बाटली पाहायला मागा. डॉक्टरांना राग येत नाही, चांगल्या डॉक्टरांना तर नाहीच. करंगळीएवढी काचेची बाटली, तिला रबरी बूच, वर ॲल्युमिनियमची टोपी. ती फ्रीजमधून किंवा बर्फाच्या डब्यातून बाहेर आली पाहिजे, हाताला गार लागली पाहिजे. मुदतीची तारीख वाचा. मग मानेजवळची सैल कातडी चिमटीत धरून किंवा मांडीत, एवढीशी एक मिलिलिटर लस जाते. गुंड्याला तर त्या वेळी बिस्किट हुंगण्यात सुई कळतसुद्धा नाही. तुम्ही समोर उभे राहून त्याच्या कानामागे खाजवत बोलत राहा. आपला आवाज घाबरला की कुत्रा आपल्यामुळे घाबरतो.

बाटलीवरचं लेबल सोलून डॉक्टर कार्डावर चिकटवतात. त्यावर लशीचं नाव, बॅच नंबर आणि मुदत असते. शेजारी दिलेल्या दिवसाची तारीख, पुढची तारीख, सही, शिक्का. हे सगळं आहे ना ते तिथेच पाहा, घरी येऊन नको.

आणि अर्धा तास दवाखान्याबाहेर थांबा. गाडीत बसा, झाडाखाली बसा, पण लगेच निघू नका. का, ते खाली येतंच आहे.

मनातल्या शंका

सगळ्यात मोठी शंका रिॲक्शनची. दुसऱ्या दिवशीपर्यंत कुत्रा थोडा सुस्त राहणं, जेवण कमी करणं, सुईच्या जागी दुखणं किंवा सुपारीएवढी गाठ येणं हे होतं. बारीक तापही येतो. दोन दिवसांत ओसरतं, गाठ जिरायला कधी काही आठवडे लागतात. ती चोळू नका. आंघोळ केव्हा घालायची ते डॉक्टरांना विचारून घ्या. खरी ॲलर्जी फार क्वचित येते, पण आली तर झपाट्याने येते. तोंड-डोळे सुजणं, अंगावर गांधी उठणं, लागोपाठ उलट्या, धाप, हिरड्या पांढऱ्या पडणं, कोसळणं. बहुतेक वेळा हे सुईनंतर काही मिनिटांत ते काही तासांत होतं, आणि डॉक्टर हाताशी असले की त्यावर औषध आहे. अर्धा तास थांबायचं ते यासाठी. एकदा असं झालेलं असेल तर ते कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. पुढच्या वेळी डॉक्टर आधी औषध देऊन किंवा दुसऱ्या कंपनीची लस घेऊन काळजीपूर्वक ठरवतात.

"लशीनेच कुत्रा पिसाळला तर?" असं एका आजींनी मला विचारलं होतं. कुत्र्यांना देतात त्या लशीत मारलेला विषाणू असतो. तो वाढू शकत नाही, रोग देऊ शकत नाही. लशीने कुत्रा मवाळ होतो, राखण करत नाही, हेही खरं नाही. आमचा दूधवाला साक्षीला आहे.

"आमचा तर घराबाहेरच जात नाही." फ्लॅटमध्ये राहणारे हे फार म्हणतात. पण जिन्यात गल्लीतला कुत्रा बसलेला असतो, मांजर गॅलरीतून येतं, बंगल्याच्या बागेत मुंगूस फिरतं. दिवाळीच्या फटाक्यांत किंवा रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, गोंगाटात घाबरून दार उघडं दिसताच पळालेले कुत्रे मी दरवर्षी शोधायला जाते. त्या एका रात्रीत काय होईल ते आपल्या हातात नसतं. आणि घरात राहणाऱ्याला लस नको असं कायद्यातही कुठे नाही.

म्हातारा कुत्रा, मधुमेह, किडनी, फिट्स, स्टेरॉइड चालू, गाभण मादी. या बाबतीत शेजाऱ्याचं ऐकू नका, माझंही नाही. सगळी औषधं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. म्हातारपण हे एकटंच लस न देण्याचं कारण नाही. कधी डॉक्टर थांबायला सांगतील, तर ते कारण आणि पुढची तारीख त्यांच्या अक्षरात लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं चावण्याच्या प्रसंगी कामाला येत नाही.

दरवर्षी द्यायची, का तीन वर्षांनी? हा प्रश्न शिकलेली मंडळी विचारतात, आणि रास्त आहे. काही लशींना तीन वर्षांची मान्यता आहे. पण आपल्याकडे दरवर्षीचा रिवाज आहे आणि नोंदणीला वर्षाच्या आतली तारीख पाहतात. आजूबाजूला रेबीज इतका असताना मला वर्षाचीच सुई बरी वाटते. रक्ताची तपासणी करून ताकद मोजता येते. एका मिलिलिटरमागे ०.५ युनिट हा तिचा ठरलेला आकडा आहे. कुत्रा परदेशी नेताना ही तपासणी लागते, लशीऐवजी ती चालत नाही. मुलांकडे युरोपात कुत्रा न्यायचा विचार असेल तर आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखालची ओळखीची चिप, बसवा आणि मग लस द्या. क्रम उलटा झाला तर ती लस धरत नाहीत.

कार्ड आणि नोंदणी

कार्डाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. नोंदणीची चौकशी नगर निगमच्या आपल्या झोनच्या कार्यालयात किंवा त्यांच्या ३११ ॲपवर करा. लशीचं कार्ड, कुत्र्याचा फोटो, मालकाचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा बरोबर ठेवा. रेल्वेत आपल्याबरोबर डब्यात नेताना फर्स्ट एसीचा कूपे किंवा केबिन लागते, आणि लशीच्या कार्डाबरोबर डॉक्टरांचा ताजा फिटनेस दाखलाही मागतात. आठवडाभर आधी विचारून ठेवा.

चावलं, ओरखडलं तर

आता त्या एकोणीस दिवसांबद्दल.

आमच्या घरात खंडोबाचं आहे. होळकरांचंही कुलदैवत तेच, राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे आणि कुत्रा देवाच्या पायाशी. म्हणून पहिल्या वर्षी सासूबाईंनी ठरवलं, गुंड्याची लस दर चंपाषष्ठीला. लक्षात ठेवायला सोपं. २०२२ मध्ये ती २९ नोव्हेंबरला आली. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, चंपाषष्ठी गेली १८ डिसेंबरला, आणि आम्ही तिथीची वाट पाहत राहिलो.

मधल्या दिवसांत, १० डिसेंबरला, शेजारच्या काकूंचा आठ वर्षांचा नातू गुंड्याच्या तोंडातला चेंडू ओढायला गेला. मनगटावर दाताचा लांब ओरखडा. रक्त नाही, फक्त लाल रेघ. काकूंनी हळदीचा डबा आणला, मागून कुणी चुना लावा म्हटलं. मी मुलाला आमच्या मोरीत नेलं, नळ सोडला आणि कपड्याच्या साबणाने धुवायला लागले. भिंतीवरच्या घड्याळात बघून पंधरा मिनिटं. तो सारखा विचारत होता, "झालं?" जखमेवर हळद, तिखट, चुना, तेल काही लावू नका. वाहतं पाणी आणि साबण, पंधरा मिनिटं, मग जंतुनाशक, आणि पट्टी न बांधता सरळ दवाखाना.

इंदुरात कुत्रा चावलेली माणसं बहुतेक लाल अस्पतालला, म्हणजे हुकुमचंद पॉलीक्लिनिकला जातात. तिथल्यासारख्या सरकारी दवाखान्यांत ही लस मिळते. दंडात, कातडीत टोचतात: पहिल्या दिवशी, मग त्या दिवसापासून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. रक्त आलेलं असेल किंवा जखम खोल असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं, भरावं लागतं. काकू घाबरल्या होत्या त्या पोटातल्या चौदा सुयांना. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, तिचं उत्पादन आपल्याकडे २००४ च्या अखेरीपासून बंद आहे. घरातल्या मोठ्या माणसांना हे आवर्जून सांगा, त्या सुयांच्या धास्तीने अजून लोक दवाखाना टाळतात.

डॉक्टरांनी विचारलं, "कुत्र्याची लस?" मी कार्ड पुढे केलं. मुदत संपून अकरा दिवस झाले होते. तसं पाहिलं तर अकरा दिवसांत अंगातली ताकद एकदम नाहीशी होत नाही, गुंड्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आणि कार्ड चालू असतं तरी मुलाची लस सुरू करायलाच हवी होती. पण मुलाच्या आईने कार्ड हातात घेऊन तारीख वाचली, परत वाचली आणि काही न बोलता ते माझ्या हातात दिलं. चालू तारीख असती तर तिला त्या रात्री झोप लागली असती.

पुढे दहा दिवस गुंड्यावर नजर ठेवली. चावलेला कुत्रा दहा दिवस जिवंत आणि धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं समजतात. म्हणून चावलेल्या कुत्र्याला मारायचं नाही, सोडून द्यायचं नाही, बांधून रोज पाहायचं. मी रोज सकाळी तो पोळी खातानाचा व्हिडिओ त्या आईला पाठवत होते. अकराव्या दिवशी तिचा फोन आला, तेव्हा आम्ही दोघी रडलो.

उलट प्रसंग, म्हणजे तुमच्याच कुत्र्याला बाहेरचा कुत्रा चावला, तर हातमोजे घालून जखम तशीच साबणाने धुवा आणि वर्षाची लस झालेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. पुन्हा डोस द्यावे लागतात. किती, ते डॉक्टर ठरवतात.

दारात पोळी घालता त्या गल्लीतल्या कुत्र्यांचंही पाहा. परिसरातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असेल तर रोगाची साखळी तुटते. गोव्याने वर्षानुवर्षं हेच केलं आणि २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर केलं. आमच्या गल्लीत पाच आहेत. पोळी खाणारे असल्यामुळे हाताला येतात, मग डॉक्टरांनाच बोलावतो आणि वर्गणी काढून गुंड्याबरोबर त्यांचंही उरकतो.

आता आमची तारीख इंग्रजी आहे, १ डिसेंबर, कॅलेंडरवर लाल पेनाने. चंपाषष्ठीला नैवेद्य तेवढा होतो. भरितात कांद्याची पात असते आणि कांदा कुत्र्याला वाईट, म्हणून गुंड्याच्या ताटलीत नुसता बाजरीचा रोडगा, तूप लावून.